पाणी कुठं मुरतं

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याविषयी संशय घ्यायला नको. दूधवाल्याच्या मापाला आतून पोचा असतो, नळाची धार नेमकी आमच्या पाळीला बारीक होते, आणि शेजारीण गोड बोलायला लागली की तासाभरात तिला वाटीभर साखर हवी असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. "कुठंतरी पाणी मुरतंय," हे माझं ठरलेलं वाक्य. दिवसातून पाचसहा वेळा तरी ते तोंडातून जायचंच. हे हसायचे. म्हणायचे, "तुझ्या राज्यात पानी नळाला कमी आन् मुरायलाच जास्ती."

हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय तेव्हाही नव्हती, आता काय लागणार. दुष्काळाच्या पाठोपाठ आम्ही उस्मानाबादकडून आलो आणि आकुर्डीत रेल्वेलाइनच्या अलीकडं एका चाळीत खोली घेतली. चाळीत निम्मी घरं आमच्यासारखी विहारात जाणारी, निम्मी कोकणातली नाहीतर सातारकडची. पण सकाळी सगळ्यांचे पुरुष एकाच भोंग्याला घराबाहेर पडायचे. बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटी. म्हणून संध्याकाळी माझ्याकडं बारा पोरं इंग्रजी शिकायला यायची. दारात चपलांचा ढीग पडला की मला उगाच ताठ बसावंसं वाटायचं.

इंग्रजी मला माझ्या वडलांनी हट्टानं शिकवलं. ते रेल्वेत गँगमन होते. कागदावर काय लिहिलंय हे न कळता त्यांनी जन्मभर अंगठे उमटवले होते, आणि त्यातले दोनतीन अंगठे त्यांना फार महाग पडले होते. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी एक जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणून दिली आणि म्हणाले, "ही जपून ठिव. मंग तुला कुनी शब्दात अडकवायचं न्हाई." ती डिक्शनरी मी लग्नात रुखवताच्या भांड्यांबरोबर आणली. माझ्या संशयाचं मूळ शोधायचं झालं तर ते वडलांच्या त्या वाक्यात सापडेल. शब्द म्हणजे फास, कागद म्हणजे सापळा, आणि लिहिणारा माणूस आपल्यावर टपलेला, असंच मी समजून चालले होते.

कंपनी गाड्यांचे गिअर करायची. ह्यांचं खातं हीट ट्रीटमेंटचं. म्हणजे तयार गिअर भट्टीत लाल करायचे आणि मग तेलाच्या टाकीत बुडवून टणक करायचे. चार वर्षं ह्यांनी तिथं ट्रॉली ओढली. गिअरनं भरलेली लोखंडी ट्रॉली भट्टीपर्यंत न्यायची, रिकामी परत आणायची. घरी आले की पालथे पडायचे आणि मी पाठीवर पाय द्यायची. ट्रॉलीवाल्याची पाठ पन्नाशीपर्यंत टिकत नाही, असं सगळे म्हणायचे.

भट्टी बघायचे ते एक म्हातारे फोरमन, चिंचवडगावचे जुने रहिवासी. सगळे त्यांना काका म्हणत. काकांना कागद लागत नसे. भट्टीच्या दारातून आत बघायचं, तपकिरीची चिमूट नाकात कोंबायची आणि म्हणायचं, "आता धर." धर म्हणजे थांबायचं. बऱ्याच वेळानं म्हणायचं, "सोड." सोड म्हणजे तेलात. चार वर्षं ह्यांनी 'धर' आणि 'सोड' एवढ्या दोन शब्दांवर सगळं काम डोळ्यांनी शिकून घेतलं. काका रिटायर होताना साहेबांना सांगून गेले की ट्रॉलीवरच्या ह्या माणसाला भट्टीवर घ्या. साहेबांनी ऐकलं. सहा महिन्यांची ट्रायल मिळाली. ट्रायल पास झाली की ऑपरेटर. नापास झाली की पुन्हा ट्रॉली.

त्याच महिन्यात नवी भट्टी आली, आणि भट्टीबरोबर नवा साहेब. तो तोंडानं काही सांगायचा नाही. प्रत्येक मालाला एक कार्ड, कार्डावर इंग्रजीत चारपाच ओळी, आणि त्याप्रमाणं माल काढायचा. ह्यांना अक्षरं लावता यायची. क्वेंच, ऑइल, टेम्पर हे शब्द कानावरून गेलेले होते. बाकी अंदाज.

पहिलं कार्ड ह्यांनी डब्याच्या तळच्या पुडात, उरलेल्या भाकरीखाली लपवून घरी आणलं. कार्ड बाहेर न्यायला सक्त मनाई होती. भाकरीचा तुकडा झटकून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

"समदं लागतंय. ह्यो एकच शब्द लागंना."

पहिल्या ओळीत साडेआठशे डिग्री. तिसऱ्या ओळीत क्वेंच, म्हणजे बुडवणं, तेलात. आणि मधल्या ओळीत 'सोक, दोन तास'.

मला शब्द माहीत होता, तरी मी डिक्शनरी काढली. पोरांसमोरही मी तसंच करायची. पान उलटण्याचा आवाज झाला की माणसं गप्प बसतात. सोक: भिजणे, भिजवणे, भिजत घालणे. मग मुरणे, झिरपणे. मग शोषून घेणे. सगळ्यात खाली, बोलीभाषेत म्हणून, अट्टल दारुडा. मी पहिल्या अर्थावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भिजत घालणे. दोन तास भिजत घालायचं."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "लोखंड काय मटकी हाय का भिजत घालायला?"

"लिहिलंय तसं वाचलं. मी माझ्या मनचं सांगत नाही."

"अगं, तापलेलं असतंय ते. पान्यात घातलं तर तडकतंय. काका तर कधी..."

"काकांना इंग्रजी येत होतं का?"

त्यांनी कार्ड हातात उलटसुलट केलं. मग हळूच म्हणाले, "उद्या साहेबाला इचारू का?"

आणि इथं मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "अजिबात विचारू नका. ट्रायलवरच्या माणसानं एक शब्द विचारला की लगेच म्हणायला मोकळे, ह्याला वाचता येत नाही, काढा ह्याला. चार वर्षं 'धर' चालत होतं ना? मग आत्ताच हा असला शब्द कुठून आला? तुम्हाला अडकवायलाच घातलाय. आपल्या माणसाला भट्टीवर बसवलेलं कुणाच्या तरी डोळ्यात खुपतंय. कुठंतरी पाणी मुरतंय."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डिक्शनरीकडं. लोखंडाबाबत त्यांचे हात खरं सांगत होते, आणि त्यांनी हातांपेक्षा माझ्यावर जास्त भरवसा ठेवला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. तीनला सुटून साडेतीनला येणारा माणूस बारा वाजताच दारात उभा राहिला. मी कपड्यांना साबण लावत होते. हे उंबऱ्यावर बसले, माठातलं पाणी मागितलं, आणि तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "टन्न टन्न वाजायलं. एकामागं एक. समदा माल तडकला."

बुडवायची पाण्याची टाकी खात्यात दुसऱ्या कामासाठी होतीच. काटा साडेआठशेवर आल्याबरोबर ह्यांनी माल काढला आणि त्या टाकीत सोडला. पुढचे दोन तास थांबायची गरज पडली नाही.

मी विचारलं, "साहेब काय म्हणाला?"

"काय म्हननार? इंग्रजीत वरडला."

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं; भांडणात मी कधी हरत नाही. पण माणूस गप्प बसला की माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागतात. आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस आली, तीही इंग्रजीत. ती वाचायला ह्यांनी मला दिलीच नाही. वरच्या खिशात घालून बाहेर गेले आणि खुलासा परस्पर कुणाकडून तरी लिहून घेऊन कंपनीत दिला. मी विचारलं तर म्हणाले, "झालं ते. तू पोरं शिकीव."

मला सरळ दिसलं. खुलाशात माझं नाव असणार. बायकोनं चुकीचं सांगितलं, असं लिहून हा माणूस मोकळा होणार, आणि म्हणून मला वाचू देत नाही. मी त्याच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं, त्यामुळं माझी खात्रीच पटली.

चौकशीचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. निकाल लागेपर्यंत हे ट्रॉलीवर. मी पुन्हा पाठीवर पाय द्यायला लागले, पण आता दोघंही बोलायचो नाही. नळावर एक शेजारीण, जिचा नवरा त्याच कंपनीत होता, मला म्हणाली, "काय वो, कपडे भिजवलेत का? का तुमच्याकडं नुसतं लोखंडच भिजतंय?" बाकीच्या हसल्या. मी घागर उचलून आले. हिला कसं कळलं की भिजवायला मी सांगितलं? की तिला तेवढं नाहीच कळलेलं, नुसता माल बुडवल्याचं कळलंय? रात्रंदिवस मी तेच उगाळत बसले. दोन दिवसांनी शिकवणीचं एक पोर आलं नाही. त्याच्या आईनं गालगुंडं झाल्याचा निरोप धाडला. मी खात्री करायला त्यांच्या घरी गेले. पोराचा गाल खरंच पपईएवढा सुजला होता. तरी येताना मनात म्हणालेच की एका पोराला गालगुंडं होतील, बाकीच्यांचं काय?

मग हे उशिरा यायला लागले. साडेतीनच्या जागी पाच, कधी साडेपाच. विचारलं तर "जरा काम हुतं." ट्रॉलीवाल्याला सुटीनंतर कसलं काम? डिक्शनरीतला तो सगळ्यात खालचा अर्थ मला आठवला. कंपनीत मान गेलेला माणूस गुत्त्यावर जातो, हे चाळीत बघितलेलंच होतं. ते अंघोळीला गेले की मी त्यांचा शर्ट हुंगायची. तेलाचा वास, घामाचा वास आणि तिसरा एक वास, तिखट, झणझणीत. दारूचा नव्हता. बाईच्या अत्तराचाही नव्हता, पण बाया हल्ली काय काय लावतात कुणी सांगावं. एक दिवस कॉलरवर तपकिरी भुकटी दिसली. मी ती कागदात बांधून पिठाच्या डब्यामागं ठेवली. पुरावा म्हणून.

आणि मग फळीवरची डिक्शनरी नाहीशी झाली.

हे मात्र मला सोसलं नाही. शर्टाचा वास एकवेळ गिळला असता, पण वडलांनी दिलेली वस्तू परस्पर घराबाहेर? पोरांना सांगितलं आज सुट्टी, आणि तीनचा भोंगा व्हायच्या आत मी कंपनीच्या गेटसमोर रसवंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. डोक्यावरून पदर. हे बाहेर आले. बगलेत पिशवी, पिशवीत डिक्शनरीचा चौकोन. घराच्या दिशेनं न वळता निगडीकडं चालायला लागले.

मी मागं. तेव्हा प्राधिकरणात नुसते आखलेले रस्ते होते. मोकळे प्लॉट, मध्येच एखादं अर्धं बांधलेलं घर, बाकी कुसळं. लपायला आडोसा नाही, त्यामुळं मी फार लांबून चालत होते. पायात कुसळं रुतत होती आणि मनात मी भांडणातली वाक्यं जुळवत होते. चांगली झाली होती वाक्यं. हे एका दोनखणी घराशी थांबले, कडी वाजवली, आत गेले. दार एका बाईनं उघडलेलं मी बघितलं. माझे कान तापले.

मी घराच्या बाजूनं खिडकीखाली गेले. आतून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला.

"व्हय, पर सांग की, सोक म्हंजी काय?"

मग ह्यांचा आवाज, शाळेतल्या पोरासारखा घोकल्याचा: "ताव मुरू देनं."

"का मुरू द्याचा?"

"काटा साडेआठशेवर आला तरी लोखंड आतून तापलेलं नसतंय. वरून लाल, गाभा कच्चा. आतपस्तोर ताव मुरंपर्यंत धरून ठिवायचं."

"हां. आमी त्याला धर म्हणायचो. शब्द निराळा हाय, काम तेच."

मी भिंतीला टेकले. मुरणे. माझ्याच डिक्शनरीत, माझ्याच बोटाखाली, दुसऱ्या नंबरावर छापलेलं होतं. दिवसातून सहा वेळा जो शब्द माझ्या तोंडात होता, तोच मला नेमका त्या दिवशी दिसला नव्हता.

तेवढ्यात मघाच्या बाई केर टाकायला बाहेर आल्या. साठीला टेकलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "अगं बया, खिडकीखाली कोन?" त्या ओरडल्या. पळायला जागा नव्हती. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

आत काका खाटेवर बसले होते, हातात तपकिरीची डबी; रिटायर झाल्यावर चिंचवडगाव सोडून ते इथं राहायला आले होते. खाली सतरंजीवर हे, पुढ्यात माझी डिक्शनरी आणि एक शाळेची वही. वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला काकांनी सांगितलेला भट्टीवरचा अर्थ. जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच बाद झाली.

"तू का आलीस?" हे म्हणाले.

खोटं सुचलं नाही. "संशय आला म्हणून."

हे हसले. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा. "पानी कुठं मुरतंय ते बघाया?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "बस पोरी. ह्यो तीन म्हयनं येतोय. म्हंतो, पुन्यांदा ट्रायल घावली तर एक शब्द चुकायचा न्हाई." मग उशाखालून एक घडी केलेला कागद काढला. "तूच ती इंग्रजीवाली न्हवं? मंग हे वाच. ह्या डोसक्याला मी लई सांगितलं. माज्या भाच्यानं इंग्रजीत लिवून दिलंय, पर शब्द समदं ह्याचं."

तो खुलाशाचा कच्चा मसुदा होता. पुरा चार ओळींचा: "मला इंग्रजी वाचता येत नाही. शब्दाचा अर्थ मी मनानेच लावला. त्याबद्दल मी कुणालाही विचारलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे." भाच्याच्या इंग्रजीत क्रियापद एका ठिकाणी चुकलं होतं. सवयीनं माझं बोट तिथं गेलं, आणि थांबलं.

"मी म्हनलो," काका म्हणाले, "लिव की बायकोला इचारलं हुतं. शिकलेली बाय हाय, चुकली. सायेब माणूस हाय, समजून घिईल. वाचता येत न्हाई म्हनून लिवलंस तर भट्टीवर पुन्ना कोन घेतंय तुला? तर म्हंतो कसा..."

"काका, ऱ्हाऊ द्या," हे म्हणाले.

"म्हंतो, तिच्याकडं बारा पोरं येत्यात. तिनं चुकीचं सांगितलं असं एकदा कंपनीत झालं, की चाळीत व्हायला येळ लागत न्हाई. उद्या एक बी चप्पल दारात दिसायची न्हाई. मला ट्रॉलीची सवय हाय, म्हंतो."

काकांच्या बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला. मला तो घेता येईना. मी ह्यांना म्हणाले, "मी उद्या कंपनीत येते. साहेबाला सांगते मी वाचलं म्हणून."

"आन् कार्ड भाईर कसं आलं म्हनून इचारलं तर? मंग तर कामावरनंच काढत्याल." ते वही मिटत म्हणाले, "खुलासा देऊन तीन म्हयनं झालं. बस आता."

तो नवा साहेब मी कधी पाहिला नाही. खात्यातल्या जुन्या माणसांकडून ऐकून काका सांगत की त्यानं ती कार्डं भट्टीच्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली होती आणि कुणाला शब्द अडेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे कुणीही टपून बसलेलं नव्हतं. मला ते अजूनही पुरतं पटत नाही. स्वभाव असा तासाभरात जात नाही.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. ट्रायल रद्द, नोकरी कायम, काम ट्रॉलीचं. इंग्रजी वाचता येत नसलेल्या कामगाराला भट्टीवर घेऊ नये, असा शेरा त्यात होता. ती वही पाठ असलेल्या माणसानं त्यानंतर आणखी सहा वर्षं ट्रॉली ओढली. माझ्या दारातल्या चपला मात्र वाढत गेल्या, बाराच्या वीस झाल्या. पिठाच्या डब्यामागची तपकिरीची पुडी मी नळावर नेऊन मोकळी केली. नळावरच्या त्या शेजारणीची थोरली मुलगी माझ्याकडंच शिकून मॅट्रिक झाली.

शब्दाचा अर्थ चुकला याचं मला तितकंसं वाटत नाही. चार अर्थांतला एक चुकतो, कुणाचाही चुकेल. मला सलते ती खुलाशातली तिसरी ओळ: त्याबद्दल मी कुणालाही विचारलं नाही. पण ह्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं, आणि साहेबाला विचारू का, हेही मलाच विचारलं होतं. नको म्हणाले ती मी.

अजून रात्री त्यांची पाठ धरते. मी पाय देते. "पडू दे जोर," हे म्हणतात, आणि मी भिंतीचा आधार घेऊन उभी राहते.